बैलघोडा हॉस्पिटल आणि आमचा मिठू

परवा एका स्नेह्यांचे रिपोर्ट आणायला परळला टाटा हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. रिपोर्ट मिळायला तासभर अवकाश होता, म्हणून चहा प्यायला बाहेर पडलो आणि पाय आपोआप आचार्य दोंदे मार्गाकडे वळले. समोर बैलघोडा हॉस्पिटल! बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं हे जनावरांचं रुग्णालय. पण परळ-लालबागात कोणालाही विचारा, बैलघोडाच म्हणतील. या फाटकातून मी पहिल्यांदा आत गेलो तो १९८५ च्या मे महिन्यात, आजीचा पदर धरून. आजीच्या हातात पिंजरा होता, त्यावर तिचं जुनं लुगडं टाकलेलं, आणि आत आमचा मिठू.

आमच्या भावंडांपैकी जे हे वाचतात त्यांना मिठू आठवत असेलच. गिरगावातल्या आमच्या चाळीत तो बारा वर्षं गॅलरीत टांगलेला होता. तेव्हा क्रॉफर्ड मार्केटात देशी पोपट सर्रास विकायला असत. दूधवाल्याची हाक तो इतकी हुबेहूब मारायचा की शेजारच्या काकू पातेलं घेऊन दार उघडायच्या! त्या उन्हाळ्यात तो एकदम गप्प झाला. पिसं फुगवून बसायचा, खाल्लेलं टाकायचा. चोच वेडीवाकडी वाढली होती आणि तिच्यावर काळसर डाग पडले होते.

बाबा म्हणाले, "पांजरपोळात देऊन येऊ. तिथे बघतील त्याचं."

बाबांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. भुलेश्वरचं पांजरपोळ आमच्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. त्याच्या जन्माची गोष्ट मला पुष्कळ नंतर कळली. उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारायचा सरकारी नियम मुंबईत होता. जून १८३२ मध्ये त्यावरून पारशी मंडळी खवळली. पारश्यांना कुत्रा पवित्र, त्यात तो दिवस त्यांच्या सणाचा. कोटात दंगल झाली, दुकानं बंद पडली, कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी शेठ मोतीचंद अमीचंद यांनी पुढाकार घेऊन पांजरपोळ काढलं. ज्यांचं कोणी नाही अशा जनावरांनी तिथे यावं आणि आपल्या मरणानं मरावं. काय झालंय, बरं होईल का, उपयोगाचं आहे का, असलं काही कोणी विचारायचं नाही. कित्येक युरोपीय प्रवाशांना हे विचित्र वाटे. औषध नाही, गोळी घालून सुटकाही नाही, मग ठेवायचं कशाला?

बैलघोडा त्यानंतर पन्नास वर्षांनी आलं, आणि त्यामागचा विचार वेगळा होता. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. त्याच वर्षी प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध काम करणारी संस्थाही इथे स्थापन झाली. सगळं शहर बैलांच्या आणि घोड्यांच्या खांद्यावर चाललेलं, आणि लंगडणारं जनावर मरेस्तोवर जुंपलेलं. गिरणीमालक दिनशॉ पेटिट यांनी पैसा दिला आणि १८८४ मध्ये त्यांच्या पत्नीच्या नावानं हे रुग्णालय सुरू झालं. १८८६ मध्ये इथेच मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. जॉन हेन्री स्टील त्याचे पहिले प्राचार्य. आता जनावराला नुसता आसरा नाही, तर तपासणी, रोगाचं नाव आणि उपचार.

पण या विद्येचा ओघही उपयोगाच्या मागेमागेच गेला. आधी घोडे, बैल, म्हशी. पक्ष्यांचं वैद्यक आलं ते कोंबड्यांच्या वाटेनं. १९२० च्या दशकाच्या शेवटी कुमाऊंतल्या राणीखेतला कोंबड्यांची साथ आली आणि त्या रोगाला राणीखेत हेच नाव पडलं. न अंडी देणारा, न गाडी ओढणारा पोपट या रांगेत शेवटचा!

असो. तर आजीनं बाबांचं ऐकलं नाही. चर्नीरोडहून लोकल पकडून आम्ही एल्फिन्स्टन रोडला उतरलो (आताचं प्रभादेवी) आणि पूल ओलांडून चालत आलो. रांगेत आमच्यापुढे एक टांग्याचा घोडा होता, मागे मांजर घेतलेली एक मुलगी.

डॉक्टरांनी मिठूला टॉवेलात धरलं, पोट चाचपलं, चोच पाहिली. "खायला काय घालता?"

आजीनं कौतुकानं यादी सांगितली. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, तळलेले पापड, चिवडा, कधी तुपातला शिरा.

"आजी, याचं यकृत गेलंय. चरबी साठलीय. पोपटाला इतकं तेलकट सोसत नाही."

"म्हणजे आम्हीच..." आजीला पुढे बोलवेना.

"सगळेच घालतात," डॉक्टर हळूच म्हणाले. "औषध देतो. पण बरा होईल असं सांगत नाही."

परतीच्या गाडीत आजी एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर बाबांनी पुन्हा पांजरपोळाचं काढलं. मला वाटतं, मिठू आमच्या डोळ्यांदेखत जाऊ नये एवढंच त्यांच्या मनात होतं. आजी म्हणाली, "औषध नाही म्हणून त्याला तिकडे ठेवायचा, तर हे घर कशाला आहे?"

मग पिंजरा गॅलरीतून आत आला. बाजूला चाळीसचा बल्ब लावला, ऊब राहावी म्हणून. शेंगदाणे बंद झाले. त्याऐवजी पालक, गाजराचा कीस, पेरूची फोड. आजी रात्री दोनदा उठून पाणी बदलायची. पाच आठवडे तो होता. एकदा, अगदी शेवटी शेवटी, दूधवाल्याची हाक मारली. शेजारच्या काकू पातेलं घेऊन आल्या आणि दारातच रडायला लागल्या.

आज देशी पोपट पाळणं हा गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची त्याची दुरुस्ती यांमुळे त्यांची खरेदी-विक्रीही बेकायदा ठरली. ते योग्यच झालं. मिठूनं उडायचं ते आकाश आम्ही त्याला कधी दाखवलंच नाही, याची टोचणी आजही आहे.

पण त्या मे महिन्यानं मला एक गोष्ट शिकवली. रोगाचं नाव कळायला परळ हवं, त्याशिवाय मिठूचे शेंगदाणे बंद झाले नसते. मात्र नाव कळल्यावरही जेव्हा उपाय उरत नाही, तेव्हा भुलेश्वरवाल्यांचंच म्हणणं खरं ठरतं, की बरं होणार नसलं तरी सांभाळायचं. आजी परळला जाऊन आली आणि तिनं घराचं पांजरपोळ केलं.

घड्याळ पाहिलं तर तास होऊन गेला होता. बैलघोड्याच्या फाटकातून एक बाई टोपलीवर पदर टाकून आत शिरत होत्या. मी टाटाकडे परत निघालो. १९४१ पासून तिथे माणसं असेच कागद हातात घेऊन बाहेर पडत आली आहेत.

स्नेह्यांच्या रिपोर्टात काय होतं ते इथे लिहीत नाही. फक्त एवढंच, की काल त्यांच्याकडे दोन खोल्यांतलं सामान हलवून खिडकीजवळ पलंग टाकून आलो.