मेंदूची जखम, जंतुसंसर्ग आणि पुनर्वसन : दोन महायुद्धांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनाचा इतिहास सांगताना सामान्यतः दोन नावांपासून सुरुवात केली जाते. पहिल्या महायुद्धातील कुर्ट गोल्डश्टाइन आणि दुसऱ्या महायुद्धातील अलेक्सांद्र लूरिया ही ती नावे होत. शल्यक्रियेच्या इतिहासात मात्र याच काळाचे नायक हार्वे कुशिंग आणि ह्यू केर्न्स हे असतात. हे दोन इतिहास एकमेकांची फारशी दखल न घेता लिहिले गेले आहेत. रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावरून जिवंत उतरला की शल्यचिकित्सकांचा इतिहास थांबतो, आणि तो जिवंत आहे हे गृहीत धरून मानसशास्त्रज्ञांचा इतिहास सुरू होतो. या दोहोंच्या मध्ये जे काही आठवडे जातात, ज्या आठवड्यांत जखमेत पू होतो, ताप चढतो, मेंदूच्या आवरणांना सूज येते, त्या आठवड्यांचा इतिहास कोणीच आपला मानलेला नाही. प्रस्तुत निबंधाचा रोख त्यांवर आहे. मेंदूच्या जखमेतील जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यानेच पुनर्वसनाच्या शास्त्राला व्यापक पाया मिळाला. इतकेच नव्हे, तर रुग्णाचे काय परत मिळवता येईल याची मर्यादाही बऱ्याच अंशी त्या संसर्गाने आणि शरीराने त्याला दिलेल्या प्रतिसादाने ठरवली, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

फ्लँडर्सची माती

पहिल्या महायुद्धातील पश्चिम आघाडी ही पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेल्या शेतजमिनीवर उभी होती. कवटीत शिरणारा तोफगोळ्याचा तुकडा एकटा जात नसे. त्याच्याबरोबर केस, टोपीचे कापड, हाडाच्या कपच्या आणि ती माती मेंदूत खोलवर जाई. जखमेच्या मार्गातील लगदा झालेला मेंदूचा भाग म्हणजे जंतूंच्या वाढीसाठी आयते अन्नच. जंतुनाशक औषधे शरीराच्या आत वापरण्याजोगी नव्हती. परिणामी पहिल्या काही तासांत वाचलेला सैनिक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मस्तिष्कावरणदाहाने किंवा मेंदूतील गळवाने दगावे.

अमेरिकन शल्यचिकित्सक कुशिंग १९१७च्या उत्तरार्धात, पाशेंदालच्या लढाईच्या काळात, मेंडिंगहेम येथील ब्रिटिश उपचारतळावर काम करीत होता. जखमेच्या कडेचे हाड एकसंध तुकड्यात काढणे, मऊ रबरी नळीने मेलेला मेंदूचा भाग शोषून घेणे, त्याच नळीच्या स्पर्शाने आतील कपच्या हुडकणे, धातूचा तुकडा लोहचुंबकाने ओढणे आणि शेवटी जखम पूर्णपणे शिवून टाकणे, अशी त्याची पद्धत होती.  जंतूंना खाद्य उरू द्यायचे नाही आणि आत यायला दार ठेवायचे नाही, हा त्यामागचा मुख्य विचार. मेंदूचे कठीण आवरण फाटलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण त्याच्या हाताखाली तीन महिन्यांत ५४.५ टक्क्यांवरून २८.८ टक्क्यांवर आले. हे आकडे त्याने १९१८ साली प्रसिद्ध केले.

या आकड्यांकडे इतिहासकाराने थोडे थांबून पाहिले पाहिजे. मृत्यू निम्म्यावर आला, म्हणजे पूर्वी जे मेले असते असे अनेकजण आता घरी जाणार होते. वाचा गेलेले, उजवी बाजू लुळी पडलेले, अक्षरओळख विसरलेले. वैद्यकाच्या यशाने एक नवाच समाजघटक निर्माण केला होता. पलीकडच्या जर्मन बाजूसही १९१६पासून पोलादी शिरस्त्राणे आली होती आणि त्याच वर्षी गोल्डश्टाइनने फ्रँकफुर्ट येथे मेंदूच्या जखमांच्या परिणामांचा अभ्यास करणारी संस्था उभारली. तिथे रुग्णालय होते, मानसशास्त्रीय प्रयोगशाळा होती आणि कामाचा सराव देणारी कार्यशाळाही होती. जमणार नाही असे काम समोर आले की रुग्ण नुसता चुकत नाही, तो पुरता कोसळतो. म्हणून तो स्वतःभोवती काटेकोर व्यवस्था रचून तसे प्रसंगच टाळतो, हे गोल्डश्टाइनचे निरीक्षण आजही उपयोगी पडते. ज्यू असल्यामुळे १९३३मध्ये त्याला अटक झाली व नंतर देश सोडावा लागला. युद्धातील मेंदूच्या जखमांवरील त्याचे पुस्तक १९४२ साली अमेरिकेत निघाले, तेव्हा पुढच्या युद्धाचे जखमी येऊ लागले होते.

ऑक्सफर्ड : शिरस्त्राण, महाविद्यालय आणि पेनिसिलीन

कुशिंगच्या बोस्टनमधील शिष्यांपैकी एक ह्यू केर्न्स, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. मे १९३५मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ख्यातनाम झालेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातानंतर सहा दिवस बेशुद्ध राहून वारला, तेव्हा बोलावलेल्या डॉक्टरांत केर्न्स होता. त्यानंतर त्याने दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा पाठपुरावा केला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ दुचाकीस्वार व त्यांच्या मागे बसलेले लोक मरण पावल्याचे त्याने १९४१ साली दाखवून दिले आणि नोव्हेंबर १९४१मध्ये ब्रिटिश लष्कराने कामावरील दुचाकीस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सर्व नागरिकांसाठी तिथे ही सक्ती व्हायला १९७३ उजाडले. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १२९ तेच सांगते. पुण्यात त्याच्या अंमलबजावणीविरुद्ध किती आंदोलने झाली हे वाचकांस ठाऊक आहेच.

१९४० साली ऑक्सफर्डमधील सेंट ह्यूज या मुलींच्या महाविद्यालयाची इमारत ताब्यात घेऊन तिथे डोक्याच्या जखमांचे लष्करी रुग्णालय सुरू करण्यात आले. १९४५पर्यंत तिथे १३,०००हून अधिक रुग्णांवर उपचार झाले. डोक्याला जखम झालेला सैनिक शस्त्रक्रियेपूर्वीचा प्रवास सोसतो, नंतरचा सोसत नाही, या अनुभवावरून केर्न्सने गाडीतून फिरणारी शल्यपथकेही आघाडीवर पाठवली.

याच शहरात हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी पेनिसिलीनला औषधाचे रूप दिले होते. सुरुवातीला त्याचा इतका तुटवडा होता की १९४१मध्ये रुग्णाच्या लघवीतून ते परत मिळवून वापरण्यात आले. १९४३च्या उन्हाळ्यात फ्लोरी आणि केर्न्स दोघेही उत्तर आफ्रिकेत गेले. मेलेला भाग स्वच्छ करून, पेनिसिलीन प्रत्यक्ष जखमेत सोडून ती लवकर शिवून टाकायची, असा त्यांचा आग्रह होता. आणि जखम उघडी ठेवण्याच्या शिस्तीत वाढलेल्या लष्करी शल्यचिकित्सकांना तो सहजी पटणारा नव्हता.

पेनिसिलीनची कहाणी विजयकथा म्हणून सांगण्याची प्रथा आहे. मेंदूच्या बाबतीत ती तितकी सरळ नाही. रक्तातून दिलेले पेनिसिलीन मेंदूत व त्याभोवतीच्या द्रवात अल्प प्रमाणातच पोहोचते. म्हणून ते पाठीच्या कण्यातून थेट त्या द्रवात देण्याचा मार्ग निघाला. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४२मध्ये मस्तिष्कावरणदाहाच्या एका रुग्णास ते असेच दिले होते. परंतु हेच औषध मेंदूच्या पृष्ठभागावर जास्त तीव्रतेत पडले तर अपस्माराचे झटके येतात, हे युद्ध संपता संपता ध्यानात आले. पुढे तर प्रयोगशाळेत प्राण्यांमध्ये मुद्दाम झटके आणण्यासाठी संशोधक पेनिसिलीनच वापरू लागले. मेंदू हा बाकीच्या शरीरासारखा अवयव नाही, ही गोष्ट अशी औषधाच्या मार्गाने पुन्हा समोर आली.

वाचलेल्यांचे पुढे काय झाले? एडिंबरानजीकच्या बँगूर येथील केंद्रात काम केलेल्या ऑलिव्हर झँगविलने १९४७च्या लेखात पुनर्वसनाचे तीन मार्ग वेगळे केले. उरलेल्या क्षमतेने उणीव भरून काढणे, त्याच कामासाठी निराळी रीत शिकवणे, आणि गमावलेली क्षमताच सरावाने परत आणणे. यांपैकी तिसऱ्याबद्दल तो स्वतः साशंक होता. ऑक्सफर्डमध्ये रिची रसेल आणि नंतर फ्रीडा न्यूकम यांनी जखमी सैनिकांचा पाठपुरावा कित्येक वर्षे चालू ठेवला. न्यूकमचे त्यावरील पुस्तक १९६९ साली आले. वीस-पंचवीस वर्षे पाठपुरावा करता येईल इतके रुग्ण हयात असणे, हीच १९१४च्या तुलनेत मोठी गोष्ट होती.

झासेत्स्कीच्या डोक्यातील व्रण

लूरियाचे रुग्णालय दक्षिण उरल प्रदेशात किसेगाच येथे होते. २ मार्च १९४३ रोजी जखमी झालेला झासेत्स्की हा तेवीस वर्षांचा सैनिक तिथे आला. गोळी डाव्या बाजूने मेंदूच्या मागील भागात शिरली होती. त्याला वाचता येईना, स्वतःच्या शरीराची उजवी बाजू कळेना, शब्दांतील संबंध उलगडेनात. अक्षर अक्षर आठवून लिहिणे अशक्य झाले असता डॉक्टरांनी त्याला हात न उचलता, विचार न करता, शब्द एका दमात लिहायला सांगितले, आणि त्याच्या हातून ‘रक्त’ हा शब्द उतरला. मात्र आपण लिहिलेले त्याला वाचता आले नाही. पुढे पंचवीस वर्षे तो लिहीत राहिला आणि त्या लेखनाची सुमारे तीन हजार पाने झाली. लूरियाचे त्यावरील पुस्तक १९७१ साली प्रसिद्ध झाले.

हे पुस्तक मानवी जिद्दीची कहाणी म्हणून वाचले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि लूरियाने दिलेल्या वैद्यकीय नोंदीकडे वाचकाचे दुर्लक्ष होते. जखमेत नंतर दाह झाला, मेंदू आणि त्याची आवरणे एकमेकांना चिकटली, व्रण तयार होऊन आतील पोकळीचा आकारही बदलला, असे तो स्पष्ट नमूद करतो. म्हणजे झासेत्स्की आयुष्यभर ज्याच्याशी झगडला ते निव्वळ गोळीने केलेले नुकसान नव्हते. गोळीचे काम क्षणात संपले होते; दाहाने आणि व्रणाने ते पुढे चालू ठेवले. पुनर्वसनाच्या इतिहासातील हा सर्वांत गाजलेला रुग्ण दाहाच्या इतिहासातीलही रुग्ण आहे.

प्रतिकारशक्तीचा प्रश्न

युद्धकाळात भाजलेल्या रुग्णांवरील त्वचारोपणाचा अभ्यास करणाऱ्या पीटर मेडावरने १९४८ साली सशांच्या मेंदूत परकी त्वचा रोपण करून पाहिली. इतरत्र नाकारली जाणारी ती त्वचा तिथे टिकली. यावरून मेंदू हा प्रतिकारशक्तीच्या कक्षेबाहेरचा, जणू विशेषाधिकार लाभलेला अवयव आहे, हे मत पाठ्यपुस्तकांत रुजले. पण मेडावरच्या प्रयोगाचा दुसरा भागही होता. ज्या प्राण्याला त्या त्वचेची आधी ओळख करून दिली होती, त्याच्या मेंदूतही ती टिकली नाही. हा अर्धा भाग पाठ्यपुस्तकांनी गाळला. २०१५ साली मेंदूच्या आवरणांतील लसीकावाहिन्यांचे सविस्तर वर्णन आले आणि ते जुने मत उरले नाही. अशा वाहिन्या इटलीच्या पाओलो मास्काग्नीने १७८७मध्येच नोंदवल्या होत्या, ही यातील गंमत.

दाह हाच शत्रू, हे एकदा पटल्यावर तो दाबून टाकण्याचा मोह साहजिक होता. स्टेरॉइड औषधे डोक्याच्या इजेत अनेक दशके दिली जात होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत १०,००८ रुग्ण होते. स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत मरण पावले. या जादा मृत्यूंचे कारण चाचणीतून उलगडले नाही. ते संसर्गाच्या माथी मारण्याचा मोह आपण टाळावा. दाह हा केवळ अपाय नसून जखम भरण्याचाही भाग आहे, एवढी शंका घेण्यास मात्र जागा आहे.

दुसरीकडे, २००३ साली बर्लिनच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की पक्षाघातानंतर मेंदूकडून जाणाऱ्या चेतासंदेशांमुळे सर्व शरीराची प्रतिकारशक्ती खालावते आणि न्युमोनिया होतो. जखम डोक्यात, जंतू फुफ्फुसात. तेव्हा सर्वांनाच आधीपासून प्रतिजैविक द्यावे काय? पक्षाघाताच्या रुग्णांवरील २०१५च्या नेदरलँड्समधील मोठ्या चाचणीत त्याने रुग्णाच्या अंतिम स्थितीत सुधारणा झाली नाही. २०२४मध्ये फ्रान्समधील चाचणीत मात्र मेंदूला तीव्र इजा झालेल्या, कृत्रिम श्वसनावरील रुग्णांना प्रतिजैविकाची एकच मात्रा दिल्यावर सुरुवातीच्या काळातील न्युमोनियाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आले. रुग्ण कोणता आणि वेळ कोणती, यावर उत्तर बदलते. कुशिंगच्या तंबूतील प्रश्नही याहून फार निराळा नव्हता.

आपल्याकडील संदर्भ

महाराष्ट्रात पुनर्वसनाची संस्थात्मक पायाभरणी तशी लवकर झाली. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले, आणि १९५५मध्ये हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था आली. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र चित्र वेगळे दिसते. प्रस्तुत लेखकाच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना काही वर्षांपूर्वी दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला. घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर तीन प्रतिजैविके, झटक्यांवरील गोळी आणि टाके काढण्याची तारीख नीट लिहिलेली होती. वाचा आणि स्मरण यांसाठी कोणाकडे जायचे याचा त्यावर उल्लेख नव्हता आणि विचारल्यावरही कोणी सांगितले नाही. पुढे सरांनी स्वतःच रीत बसवली. व्याख्यानाचे मुद्दे ते पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यांवर लिहून आणत, विद्यार्थ्यांची नावे बाकांच्या क्रमाने पाठ करीत, आणि कोणी जागा बदलून बसले की वर्गाबाहेर येऊन काही क्षण व्हरांड्यात उभे राहत.