बॉम्बे रक्तगट

एच प्रतिजनाचा अभाव असलेला दुर्मीळ रक्तगट. य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेल्या या गटाची माहिती १९५२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात त्याचे प्रमाण सुमारे दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक असे मानतात.

कारण : एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एफयूटी१ जनुकापासून बनणारे एंझाइम तांबड्या पेशींवरील शर्करासाखळीला फ्यूकोज जोडते व एच प्रतिजन तयार होतो, ए आणि बी प्रतिजन त्याच्यावरच बनतात. आई व वडील दोघांकडूनही या जनुकाचे निकामी रूप आल्यास तिन्ही प्रतिजन पेशींवर तयार होत नाहीत. त्यामुळे जवळच्या नात्यातील विवाहांत याची शक्यता वाढते.

निदान व रक्ताधान : नेहमीच्या पेशी-तपासणीत हा गट 'ओ' भासतो. मात्र रक्तद्रवात एच-विरोधी प्रतिपिंडे असल्याने तो 'ओ' गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करतो. म्हणून रक्तद्रवाच्या उलट तपासणीत 'ओ' पेशी वापरणे आवश्यक असते. 'ओ' रक्त दिल्यास तांबड्या पेशी फुटून जीव धोक्यात येतो. अशा रुग्णाला बॉम्बे गटाचेच किंवा आधी साठवलेले स्वतःचे रक्त चालते. गट निश्चित होताच सख्ख्या भावंडांची तपासणी करावी व दात्यांची नोंद रक्तपेढीत ठेवावी; महानगरांपासून दूरच्या बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांत ही पूर्वतयारी प्राण वाचवू शकते.