कुऱ्हाड कोणाच्या हातात होती?

खानदेशात जंगल कोणी संपवले, असे विचारले की उत्तर तयार असते : भिल्ल-पावऱ्यांनी. आम्ही अमळनेरहून तापी ओलांडून चोपड्यामार्गे सातपुड्यात जातो, तेव्हाही हेच ऐकतो. हा आरोप इतिहासाला विचारून पाहू.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. भिल्लांचे उठाव मोडायला १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी राहिली. आधी डोंगर ताब्यात आले, मग डोंगरावरचे लाकूड. १८५३ नंतर देशभर रूळ पसरू लागले. एका मैलाला १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत आणि मध्यम झाडातून तीन ते पाच स्लीपर निघत. म्हणजे मैलामागे किमान साडेतीनशे झाडे. भिल्लाच्या चुलीला एवढे लाकूड कधी लागले? पण १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी त्याचाच पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क ‘सवलत’ ठरवला आणि सरपणाची मोळी गुन्हा ठरू लागली. सरकारी कुऱ्हाडीला मात्र ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ हे नाव मिळाले.

हे सर्वात आधी ओळखणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी दाखवून दिले की डोंगरावरचा पालापाचोळा आणि मेलेले किडे पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरतात व जमिनीला खत मिळते. जंगल खात्याने डोंगर आणि गायराने घेरल्यावर गरिबाची गुरे आणि रानमेवाही गेला, हेही त्यांनी लिहिले. आज ज्याला परिसंस्था म्हणतात, तिचा विचार तो हाच.

तोडीने नेमके काय होते? मोहाचे एक जुने झाड घ्या. त्याची फुले वटवाघळे, अस्वले, हरणे आणि माणसे खातात. वटवाघळांमुळे परागीभवन होते. जुन्या झाडांच्या ढोलीत घुबड राहते, ते उंदीर खाते. धनेशही ढोलीतच अंडी घालतो आणि वड-उंबराच्या बिया रानभर पेरतो. अशी झाडे गेली की एवढी सगळी नाती तुटतात. त्या जागी फक्त सागाच्या रांगा लावल्या तर नकाशावर हिरवा रंग दिसेल, पण फळ खाणाऱ्याला तिथे काय मिळणार? चरणारे प्राणी घटले की बिबट्या गावाकडे वळतो. त्याचा पहिला फटका कुडाच्या घरात राहणाऱ्याला आणि रात्री पिकाला पाणी भरणाऱ्या मजुराला बसतो.

इथे वर्णव्यवस्थेचे वकील पुढे येतात : निसर्गातही उच्च-नीच आहेच, बिबट्या वर, किडा खाली! मित्रांनो, यावर गप्प बसू नका. १९२० मध्ये ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली : ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. जंगलात असे मजले नाहीत. बिबट्या मेला की किडे आणि बुरशी त्याची माती करतात, त्या मातीत गवत उगवते, ते हरिण खाते. कुजलेले मातीत मिसळणाऱ्यांना तिथे कोणी गावकुसाबाहेर ठेवत नाही. त्यांच्यावाचून जंगल एक पावसाळाही काढणार नाही. जात माणसाने रचली आहे. तिचे खापर निसर्गावर फोडू नका.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले आणि त्यांच्यावाचून जंगल टिकणार नाही, हेही. या कायद्यात गावाला सामूहिक वनहक्क आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनात राहून वनावर जगणाऱ्या बिगर-आदिवासींनाही हक्क आहे. त्यात आपले दलित बांधवही येतात. दावा आधी ग्रामसभेत मांडायचा असतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : ‘जंगल वाचवा’च्या मोर्चात जरूर जा, पण तिथे जंगल राखणाऱ्याच्या हक्काचा कागदही मागा. पाड्यावर गेलात तर भाषण नंतर करा, आधी दाव्याचा अर्ज भरायला बसा. ज्याने झाड राखले त्याला चोर ठरवणारा इतिहास आपणच दुरुस्त करायचा आहे.

जय भीम! जय जोती!