आबादानचा धडा



कामगार संघटनेचे काम करणारा मी एक साधा माणूस. कॉलेजाची पायरी मी चढलो नाही. रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात जे मिळाले, तेवढीच माझी पुंजी. तेव्हा आज इतिहासावर बोलताना चुकलो-माकलो तर सांभाळून घ्या.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालली होती. ज्या खोलीत आम्ही बसलो होतो तेथील फळ्यावर आदल्या बैठकीचा मजकूर पुसायचा राहून गेला होता. वर मथळा होता : 'कंपनीपुढील बाह्य धोके.' खाली ओळीने लिहिले होते : युद्ध, परदेशी निर्बंध, समुद्रमार्ग बंद पडणे, साथीचे रोग, संप. मी व्यवस्थापकांना विचारले, "साहेब, आम्ही बाहेरचे कधीपासून झालो?" ते हसले आणि फळा पुसून टाकला. पण तो प्रश्न काही माझ्या मनातून पुसला गेला नाही. कंपनीचे संचालक जगाचा नकाशा मांडून धोका शोधतात तेव्हा कोठे बघतात, आणि कोठे बघायचे विसरतात? याचे उत्तर मला इराणच्या तेलाच्या इतिहासात सापडले.

१९०८ साली नैर्ऋत्य इराणात मस्जिद-सुलेमान येथे तेल लागले. दुसऱ्याच वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली. इंग्लंडचे आरमार तेव्हा कोळसा सोडून तेलाकडे वळत होते. म्हणून १९१४ साली, महायुद्धाच्या तोंडावर, चर्चिलसाहेबांच्या आग्रहावरून ब्रिटिश सरकारने सुमारे २२ लाख पौंड घालून या कंपनीत निम्म्याहून अधिक मालकी घेतली. संचालक मंडळावर सरकारचे दोन संचालक बसले आणि त्यांना नकाराधिकार मिळाला. राष्ट्राची सुरक्षितता अशी थेट कंपनीच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली.

मंडळाला वाटले, आता भय कसले? पाठीशी साम्राज्य आहे, आरमार आहे. परंतु जी तटबंदी म्हणून उभारली तीच पुढे आगीचे कारण झाली. इराणी माणसाच्या डोळ्यांना या कंपनीत व्यापारी दिसेना, परके राज्य दिसू लागले.

आता आबादान पाहा. तेथला तेलशुद्धीकरण कारखाना पुढे जगातला सर्वांत मोठा म्हणून गाजला. गोऱ्या साहेबांसाठी बंगले आणि हिरवळी होत्या. इराणी मजुरांच्या एका झोपडवस्तीचे नाव होते कागजाबाद, म्हणजे कागदाचे गाव! नावातच सर्व आले. मधल्या थरात कारागीर आणि कारकून म्हणून आपले हिंदी लोक होते. मुंबई आणि कराचीहून त्यांची भरती होई. इराणी माणसांना शिकवून परक्यांची संख्या दरवर्षी कमी करावी, असे १९३३ च्या करारात कलमच होते. ते मनापासून कधी पाळले गेले नाही, हीच इराणची तक्रार होती.

१९४६ च्या जुलैत मोठा संप झाला. त्यात साप्ताहिक सुट्टीच्या, म्हणजे शुक्रवारच्या, पगाराची मागणी होती. दंगल झाली, माणसे मेली. शुक्रवारचा पगार मान्य करावा लागला, पण पुढच्याच महिन्यात हिंदुस्थानातून फौज आणून जवळच बसऱ्याला उतरवली गेली. धोका कागजाबादेत होता आणि तोड बसऱ्याच्या छावणीत शोधली जात होती!

१९५० चा हिशेब ऐका. त्या एका वर्षी कंपनीने ब्रिटिश सरकारला कर म्हणून सुमारे ५ कोटी पौंड दिले. ज्याच्या भूमीतून तेल निघाले त्या इराणला मिळाले सुमारे १ कोटी ६० लाख. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शेजारच्या सौदी अरबस्तानात अमेरिकन कंपन्यांनी नफा निमेनिम वाटण्याचा करार केला. आबादानची कंपनी मात्र अडून बसली होती. अध्यक्ष सर विल्यम फ्रेझर मोठे करारी गृहस्थ. पुढे निमेनिमची तयारी दाखवली गेली, पण ते वरातीमागून घोडे ठरले. १९५१ च्या मार्चमध्ये इराणच्या संसदेने तेलाचे राष्ट्रीयीकरण मंजूर केले. आणि नेमक्या त्याच दिवसांत कंपनीने काही कामगारांच्या भत्त्याला कात्री लावली! संप पेटला, एप्रिलमध्ये आबादानात रक्त सांडले. एप्रिलअखेर मोसादेक पंतप्रधान झाले आणि ऑक्टोबरात शेवटचे इंग्रज कर्मचारी आबादान सोडून गेले.

पुढची कथा दुःखाची आहे. तेलाची कोंडी झाली, कारखाना थंडावला, त्याची झळ इराणी कामगारालाही लागली. १९५३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिका आणि इंग्लंडच्या गुप्तहेरांच्या मदतीने मोसादेकांना पदच्युत करण्यात आले. १९५४ साली कंपन्यांचा संघ बनला. त्यात जुन्या कंपनीचा वाटा ४० टक्के, आणि नफा इराणशी निमेनिम. म्हणजे जे वेळेवर द्यायचे नाकारले तेच शेवटी द्यावे लागले, आणि सगळ्या हक्काचे ४० टक्के उरले. लबाडीने परतलेले आसनही टिकले नाही. १९७९ च्या क्रांतीने तेही गेले.

या भूकंपाचा हादरा मुंबईलाही बसला. हिंदुस्थानात शुद्धीकरण कारखाना परवडत नाही, असे सांगणाऱ्या परदेशी कंपन्या आबादान बंद पडताच १९५१ च्या अखेरीस करारावर सह्या करून मोकळ्या झाल्या. १९५५ साली माहुलला बर्मा-शेलचा कारखाना सुरू झाला. १९७६ मध्ये तो आपल्या सरकारने घेतला.

आणि ती आबादानची कंपनी? १९५४ साली तिने ब्रिटिश पेट्रोलियम हे नाव घेतले. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चाल केली तेव्हा रशियाच्या सरकारी रोसनेफ्ट कंपनीत तिचा १९.७५ टक्के हिस्सा होता, आणि तिकडच्या मंडळावर तिच्या दोन खुर्च्या होत्या. तीन दिवसांत दोन्ही सोडल्या. २४ अब्ज डॉलरांवर पाणी सोडावे लागले. १९१४ च्या दोन खुर्च्यांनी तारले नाही, तसे २०२२ च्या दोन खुर्च्यांनीही नाही.

माझे म्हणणे असे नाही, की संचालकांनी युद्धाचा विचार करू नये. अवश्य करावा, जहाज अडले तर आमचीही चूल अडते. परंतु देशाच्या सुरक्षिततेचे नाव घेऊन कामगाराचे तोंड बंद करण्याचा मोह फार जुना आहे. दूरचे वादळ तारेने कळते; पायाखालची जमीन तापल्याचे प्रथम कळते ते अनवाणी चालणाऱ्याला. तो माणूस टेबलाशी नसेल, तर त्याचे नाव फळ्यावर, धोक्यांच्या यादीत, लिहिले जाते. आबादानमध्ये तसेच झाले. आपल्या गावच्या कारखान्यांत तसे होऊ नये, एवढेच मागणे मांडून मी आपली रजा घेतो.