गाडी किती देते?

जुना पिकअप ट्रक घेतल्याचं फोनवर सांगितलं आणि सांगलीहून बाबांचा पहिला प्रश्न आला, "अ‍ॅव्हरेज किती देते रे?" म्हटलं, "लिटरला सहा-साडेसहा." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "अरे, गाडी घेतलीस की मालट्रक?"

बाबा गमतीने बोलले, पण अमेरिकन सरकारनेही नेमकं हेच धरलं होतं!

1973 साली अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. त्यातून 1975 चा कायदा आला. नव्या मोटारींची सरासरी 1985 पर्यंत गॅलनला 27.5 मैल, म्हणजे लिटरला 11.7 किलोमीटर व्हावी, असं कायद्यातच लिहिलं. पिकअपचं खातं मात्र वेगळं. ते शेतकऱ्याचं, सुताराचं वाहन; त्याचा आकडा वाहतूक खात्याने ठरवावा. तो 1996 ते 2004 अशी सलग नऊ वर्षं 20.7 मैलांवरच अडकला. त्यातली काही वर्षं तर संसदेनेच वाढवायला मनाई केली होती. दरम्यान पिकअप शेतातून ऑफिसच्या पार्किंगमध्ये आला. मागे माल नाही, आत एकटा ड्रायव्हर. सवलत तशीच! 2011 च्या मॉडेलपासून तर उद्दिष्ट गाडीच्या आकारावर ठरू लागलं. गाडी मोठी, अपेक्षा छोटी.

मग खिडकीवरच्या लेबलचं काय? ते आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीचे. रस्त्यावर तेवढं मिळेना, म्हणून 1985 च्या मॉडेलपासून शहराचा आकडा 10 टक्के आणि हायवेचा 22 टक्के घटवून छापू लागले. 2008 पासून एसी, वेग आणि थंडीही हिशेबात आली. मागे ओढलेला ट्रेलर मात्र नाही. आणि मालासकट 8,500 पौंडांपेक्षा (साधारण 3,850 किलो) जास्त वजनाला मंजूर असलेल्या पिकअपला लेबल लागतच नाही. माझा त्यातलाच! घेताना आकडा शोधत बसलो होतो, तो छापलेलाच नव्हता.

शेवटी बाबांची स्कूटरवाली पद्धत कामी आली. टाकी फुल, मैल लिहा, पुन्हा फुल, भागाकार. उत्तर 15. वर्षाला 12,000 मैल धरले तर 800 गॅलन. 27.5 देणाऱ्या मोटारीला 436 पुरतील.

आणि मी लाकूड आणतो महिन्यातून एकदा. असो. कायद्याने पिकअपला कामाची गाडी म्हटलं. ती कामापुरती काढायची की नाही, हे आपलं आपण ठरवायचं. सोमवारपासून ऑफिसला बायकोच्या छोट्या गाडीतून जातोय, तिच्याच शेजारी बसून.