इंटरनेट रेडिओचा थेट पत्ता कसा शोधायचा? पणजी केंद्र पुण्यात किंवा परदेशात ऐकण्यासाठी

पेडणे/डिचोली : पत्रादेवी ओलांडून बांद्याला किंवा डिचोलीहून दोडामार्गला जाताना रेडिओ लगेच बंद पडत नाही. लहरींना राज्याची हद्द माहीत नसते. एफएमची लहर मात्र जवळपास सरळ रेषेत जाते, त्यामुळे मध्ये डोंगर आला की आवाज खरखरू लागतो. घाट चढून पुढे गेलेल्याला, पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्याला किंवा परदेशात स्थायिक झालेल्याला पणजी केंद्र ऐकायचे तर इंटरनेटच गाठावे लागते.

या भागाचे रेडिओशी नाते जुने आहे. पोर्तुगीज काळात १९४६ साली सुरू झालेले 'एमिसोरा द गोवा' मुक्तीनंतर आकाशवाणीचे पणजी केंद्र झाले. त्याआधी १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सरदेसाई यांनी सरहद्दीवरच्या जंगलातून गोवामुक्तीचे गुप्त रेडिओ केंद्र चालवले. आज पणजी केंद्रावर कोंकणी आणि मराठी दोन्ही भाषांतले कार्यक्रम होतात. बाहेरगावी राहणाऱ्या पेडणेकर-डिचोलीकरांना गावाशी जोडणारा तो एक धागा आहे.

थेट पत्ता म्हणजे काय?

वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये दिसणारे 'प्ले'चे बटन म्हणजे नुसता दरवाजा. आवाज येतो तो मागच्या सर्व्हरवरून. त्या सर्व्हरचा पत्ता म्हणजेच थेट पत्ता किंवा स्ट्रीम लिंक. तो हाती असला की वेबसाइट न उघडता, जाहिराती न बघता कुठल्याही प्लेअरवर केंद्र लावता येते.

याची गरज का पडते, हे गेल्या काही वर्षांत दिसून आले. रेसिव्हा ही केंद्रांची यादी पुरवणारी सेवा २०२१ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर चालणारे वाय-फाय रेडिओ संच जगभर अडचणीत आले. २०२२ मध्ये रेडिओ गार्डनने ब्रिटनमधल्या श्रोत्यांसाठी परदेशी केंद्रे बंद केली. दोन्ही वेळा केंद्रे चालूच होती. बंद झाली ती मधली सोय.

पत्त्याचे तीन प्रकार

१. प्लेलिस्ट फाइल : नावाच्या शेवटी पीएलएस किंवा एमथ्रीयू असते. ही चार-दोन ओळींची साधी मजकूर फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडली की आत खरा पत्ता दिसतो.

२. शाउटकास्ट किंवा आइसकास्टचा पत्ता : यात बहुतेकदा अपूर्णविरामानंतर ८००० सारखा पोर्ट क्रमांक असतो. शाउटकास्टचा जुना पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर गाण्याऐवजी माहितीचे पान उघडते. अशा वेळी पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ आणि अर्धविराम जोडला की आवाज सुरू होतो.

३. एचएलएस : शेवटी एमथ्रीयूएट, म्हणजे एम, ३, यू, ८. यात आवाज काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. आकाशवाणीचे इंटरनेट प्रसारण याच पद्धतीचे आहे.

शोधायचा कसा?

संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये केंद्राचे पान उघडा. एफ१२ दाबा, 'नेटवर्क' हा भाग निवडा आणि मगच प्ले करा. आधीच प्ले केले असेल तर पान पुन्हा लोड करा. 'मीडिया' गाळणी लावली की साध्या प्रकारचा पत्ता दिसतो. काहीच दिसत नसेल तर 'ऑल' निवडा आणि शोधाच्या चौकटीत एमथ्रीयूएट टाइप करा. सापडलेल्या ओळीवर उजवी क्लिक करून पत्ता कॉपी करा.

हे जमत नसेल तर 'रेडिओ ब्राउझर' ही लोकांनी मिळून जमवलेली मोफत यादी आहे. तिथे केंद्राच्या नावाबरोबर थेट पत्ताही मिळतो. मात्र यादी लोकांनीच भरलेली असल्याने जुने, बंद पडलेले पत्तेही असतात.

तपासायचा कसा?

व्हीएलसी प्लेअरमध्ये कंट्रोल आणि एन एकत्र दाबा, पत्ता पेस्ट करा आणि प्ले करा. फोनवरच्या व्हीएलसीत 'न्यू स्ट्रीम' अशी सोय आहे. आवाज आला म्हणून लगेच खूश होऊ नका. केंद्राची उद्घोषणा होईपर्यंत ऐका. प्रादेशिक केंद्रे ठरावीक वेळी दिल्लीच्या बातम्या सहक्षेपित करतात. त्यामुळे हिंदी ऐकू आली म्हणजे पत्ता चुकला असेही नाही.

इथे घोळ होतो

पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर लांबलचक अक्षरे असतील तर ती बहुधा तात्पुरती परवानगी असते आणि असा पत्ता उद्या चालेलच असे नाही. प्रश्नचिन्हापासून पुढचा भाग काढून एकदा बघावे, कधी कधी चालून जाते. जुन्या वाय-फाय रेडिओ संचांपैकी काहींना एचएलएस कळत नाही. अशांनी फोनवर लावून ब्लूटूथने स्पीकरला जोडणे सोपे. एचएलएसवर आवाज मूळ प्रसारणाच्या अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त मागे असू शकतो, म्हणून त्यावर घड्याळ लावू नये.

डेटाचा हिशेब सोपा आहे. ६४ केबीपीएसच्या प्रसारणाला तासाला सुमारे २९ एमबी लागतात, १२८ केबीपीएसला सुमारे ५८ एमबी. रोज दोन तास ६४ वर ऐकले तर महिन्याला पावणेदोन जीबीच्या आत भागते.

पत्ता शोधायचा नसेल त्यांच्यासाठी प्रसार भारतीचे 'न्यूज ऑन एआयआर' ॲप आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातच, इफ्फीच्या उद्घाटनात सुरू झालेल्या 'वेव्ह्ज'वरही आकाशवाणी ऐकता येते.

थेट पत्ता स्वतः ऐकण्यासाठी वापरावा. तेच प्रसारण आपल्या वेबसाइटवर किंवा दुकानात लोकांसाठी लावायचे तर परवानगीचा प्रश्न येतो.

सापडलेला पत्ता एका मजकूर फाइलमध्ये केंद्राचे नाव आणि तारीख घालून ठेवा. सर्व्हर बदलला की पत्ताही बदलतो, पण शोधायची रीत तीच राहते. चतुर्थीला गावी याल तेव्हा आईवडिलांच्या फोनवरही तो एकदा लावून, चालतो की नाही बघून द्या.