चिंधीचे फूल : सिद्दी स्त्रियांची कवंदी आणि इतिहासाची साधने

प्रस्तावना

सिद्दी म्हटले की मराठी वाचकास प्रथम जंजिरा आठवतो. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तेथे सिद्दी घराण्याची सत्ता होती आणि तिचा इतिहास बखरी, पत्रव्यवहार व तहनामे यांतून अभ्यासता येतो. आफ्रिकी मुळाचाच, पण सर्वस्वी निराळे जीवन वाट्यास आलेला दुसरा सिद्दी समाज कर्नाटकात, प्रामुख्याने उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आदी तालुक्यांच्या वनप्रदेशात राहतो. या समाजाने स्वतः लिहून ठेवलेली जुनी साधने नाहीत. मात्र तेथील स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर चिंध्यांची 'फुले' बसवितात. हे फूल इतिहासाचे साधन मानता येईल का, आणि मानल्यास त्यातून काय वाचता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, विशेषतः मोझांबिकमधून, गुलाम म्हणून माणसे तेथे आणली गेली. गोव्यातून निसटून सह्याद्रीच्या जंगलांचा आश्रय घेतलेल्या अशा लोकांचे वंशज कर्नाटकातील सिद्दींमध्ये मोठ्या संख्येने आहेत, असे अभ्यासक मानतात. पोर्तुगीज वसाहतींतील गुलामगिरी १८६९ च्या राजाज्ञेने संपुष्टात आली. तरी मुक्त झालेल्यांवर सेवेचे बंधन त्यानंतरही काही वर्षे कायम होते. उत्तर कन्नडमधील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळण्यास २००३ साल उजाडावे लागले.

१६०८ ते १६१० या काळात गोव्यात असलेल्या पिरार्ड या फ्रेंच प्रवाशाने तेथील गुलामांच्या बाजाराचे वर्णन केले आहे. विक्रीस उभ्या केलेल्या दासींना सुबक शिवणकाम व भरतकाम येते, ही बाब तो आवर्जून नोंदवितो. त्या दासी निरनिराळ्या प्रदेशांतील होत्या. त्यांचा आणि आजच्या कवंदीचा थेट धागा जोडण्याचा येथे हेतू नाही. तथापि त्या काळी सुईचे कसब हा स्त्रीची किंमत वाढविणारा गुण होता, हे त्यावरून स्पष्ट होते. तिने स्वतःसाठी काय शिवले, याविषयी अशा वर्णनांतून काही कळत नाही.

कवंदीची रचना

कवंदीचा तळ बहुधा जुन्या साडीचा असतो. त्यावर फाटक्या साड्या, सदरे, झगे यांचे तुकडे ठेवून, कडा आत दुमडून, धावदोऱ्याने ते शिवले जातात. काम कडेपासून सुरू होते आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे सरकते. त्यामुळे टाक्यांच्या रांगा एकीच्या आत एक अशा दिसतात. महाराष्ट्रातील गोधडी वा वाकळ जिने शिवली आहे, तिला यातील बरेचसे परिचित वाटेल.

शेवटी येते ते फूल. कापडाच्या छोट्या तुकड्याला घड्या घालून त्याचा त्रिकोण करतात आणि निरनिराळ्या रंगांचे असे त्रिकोण एकावर एक ठेवून कोपऱ्यावर शिवतात. सिद्दींच्या बोलीत कोकणी, मराठी व कन्नड यांचे मिश्रण असल्याने 'फूल' हा शब्दही आपलाच आहे. या फुलाने ऊब वाढत नाही आणि एखादे भोकही झाकले जात नाही. असे असूनही फुलांवाचून कवंदी उघडीनागडी समजली जाते. हेन्री जॉन ड्र्यूएल या कलेतिहासकाराने २००० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासात ही समजूत नोंदविली आहे.

फुलाचा अर्थ

चिंध्यांच्या शिवणकामाकडे आपण बहुधा काटकसर म्हणून पाहतो. गरिबाच्या घरी काही वाया जात नाही, असे म्हणून आपण त्याचे कौतुक करतो आणि तेथेच थांबतो. कवंदीचे फूल या स्पष्टीकरणात बसत नाही. निव्वळ काटकसर करणाऱ्या स्त्रीने उरलेला तुकडा आणि उरलेला वेळ दुसऱ्या ठिगळासाठी वापरला असता. येथे ती दोन्ही गोष्टी अशा जागी खर्च करते, की ज्यावाचून पांघरुणाचे काही अडत नाही. वस्तू नुसती उपयोगी पडून भागत नाही, ती पूर्णही दिसली पाहिजे, असा हा आग्रह आहे. ज्या समाजाची मोजदाद दीर्घकाळ केवळ त्याच्या उपयोगावरून झाली, त्याच्या घरातील हा आग्रह इतिहासकाराने दुर्लक्षित करू नये.

दुसरी बाब धर्माची. सिद्दींमध्ये हिंदू, ख्रिस्ती व मुस्लिम असे तिन्ही धर्मीय आहेत आणि तिन्ही धर्मांच्या स्त्रिया कवंदी शिवतात. एखादीच्या कवंदीवर क्रूस असतो, एखादीच्या चंद्रकोर. शिवण्याची रीत मात्र सर्वांची एक आहे.

ही कला आफ्रिकेतून आली की दख्खनच्या गोधडीपासून घेतली, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. उत्तर कर्नाटकातील गोधडीस 'कौदी' म्हणतात, हे नामसाम्य लक्षणीय आहे. परंतु उगमाचा शोध हाच एकमेव प्रश्न मानला, तर शिवणारी स्त्री केवळ परंपरेची वाहक ठरते. कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी ठेवायचा, हा निर्णय प्रत्येक वेळी तिचाच असतो.

समारोप

या साधनाची मोठी अडचण अशी, की ते वापरून संपते. पावसाळ्यामागून पावसाळे पांघरलेली कवंदी विरते. त्यामुळे शतकापूर्वीचे फूल कसे होते, हे ताडून पाहण्यास नमुने हाती लागणे दुरापास्त आहे. अलीकडे कवंद्या शहरांत व परदेशांत विकल्या जातात, संग्रहालयांतही जातात. कपडा टिकण्याच्या दृष्टीने हे इष्टच आहे. मात्र तो 'सिद्दी कला' एवढ्याच नावाने टिकला, तर शिवणारी पुन्हा निनावी राहील. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत, तिच्या संमतीने, शिवणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव, तुकडे कोणाच्या कपड्यांचे आणि कवंदी कोणासाठी शिवली, एवढे तरी नोंदविले जावे. सीमाभागातील महाविद्यालयांना हे काम सहज हाती घेता येईल. बाजारात जिच्या टाक्यांची केवळ किंमत लिहिली गेली, तिच्यासारख्या स्त्रियांचा इतिहास लिहिताना निदान यापुढे नावापासून सुरुवात व्हावी.